एच-4 (अवलंबितांचा व्हिसा) वरची लेक 21 ची होतेय, एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) आत्ताच करावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा एच-1बी (नोकरीचा व्हिसा) वर, ग्रीन कार्डची फाइल ईबी-2 (उच्चशिक्षितांचा वर्ग) मध्ये, प्रायॉरिटी डेट (रांगेतली आमची तारीख) नोव्हेंबर 2015. आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) कधीच मंजूर झालाय, त्यामुळे सहा वर्षांच्या मर्यादेनंतरही एच-1बी वाढवून मिळत गेला. प्रश्न लेकीचा आहे. ती पुण्यात जन्मली, चार वर्षांची असताना इथे आली. येत्या फेब्रुवारीत 21 पूर्ण होतील आणि त्या दिवशी तिचा एच-4 संपेल. धाकटा इथे जन्मला, तो नागरिक. एकाच घरात वाढलेल्या दोघांचं असं व्हावं, हे काही केल्या मनाला पटत नाही.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 आणि एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यातली साधारण 7 टक्के, म्हणून भारताची रांग सरकत नाही, हे ठाऊक आहे. वाढत्या वयामुळे मुलांचा हक्क जाऊ नये म्हणून केलेला 2002 चा कायदा (सीएसपीए) वाचला. आय-140 जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वयातून वजा होतात. आमचा सात महिने होता. पण 15 ऑगस्ट 2025 पासूनच्या अर्जांना वय मोजताना व्हिसा बुलेटिनमधला (रांग कुठवर आली ते सांगणारं मासिक पत्रक) ‘फायनल अ‍ॅक्शन’चाच, म्हणजे ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देण्याच्या तारखांचा तक्ता धरतात. आधीच्या धोरणात ‘डेट्स फॉर फायलिंग’चा (अर्ज भरता येण्याच्या तारखांचा) आधार मिळायचा, तोही गेला. म्हणजे सप्टेंबरपर्यंत (फेब्रुवारीपुढे ते सात महिने) तारीख आली तरच ती आमच्या फाइलमध्ये राहणार.

ती बायॉलॉजी शिकतेय. मागच्या उन्हाळ्यात एका लॅबमध्ये पगारी इंटर्नशिप मिळत होती. फॉर्मवर ‘कामाचा परवाना आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहावं लागलं आणि विषय तिथेच संपला. एच-4 ईएडी (कामाचा परवाना) जोडीदाराला मिळतो, मुलांना नाही.

कंपनीच्या वकिलांकडून ‘बुलेटिनवर लक्ष ठेवा’ एवढंच उत्तर येतं. म्हणून विचारते:

आत्ता एफ-1 केला तर आमच्या फाइलवरचा तिचा हक्क जातो का? अर्ज इथूनच करावा की मुंबईला जाऊन स्टँपिंग (पासपोर्टवर व्हिसा घेणं)? तिथे ‘शिकून भारतात परत येणार’ हे पटवून द्यावं लागतं, आणि तिचे आईवडील, भाऊ सगळे इथे. नकार आला तर पोर तिकडेच अडकेल, ही धास्ती आहे. आणि एफ-1 झाल्यावर राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी चालू राहिली का, हे कुणी अनुभवलंय का?

प्रतिसाद:
ताई, हक्क जात नाही. तारीख वेळेत आली आणि ती अविवाहित असली, तर एफ-1 वर असतानाही तुमच्याबरोबर आय-485 (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरता येतो, तोही तारीख आल्यापासून वर्षाच्या आत. आम्ही थोरल्याचा इथूनच केला. कॉलेजकडून आय-20 (प्रवेशाचं प्रमाणपत्र) घ्या आणि 21 व्हायच्या आत आय-539 (व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज) भरा. निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाठवू नका, अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि सात महिने मोजताना आय-140 भरल्यापासून मंजुरीपर्यंतचेच धरलेत ना? लेबरचा (पर्म, म्हणजे आय-140 च्या आधीची श्रम खात्याची मंजुरी) काळ त्यात येत नाही. पावती काढून बघा. फीचं कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घ्या, सगळीकडे नियम सारखा नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पावती काढली, तारखा आय-140 च्याच आहेत. आय-20 साठी उद्याच कॉलेजला मेल करते. एकच राहिलं: आय-539 चा निकाल यायच्या आत 21 पूर्ण झाली, तर पुढच्या सेमिस्टरचे क्लास चालू ठेवता येतात का? तुमच्या थोरल्याचं त्या काळात काय झालं?