पत्रात ‘सपोर्ट’ लिहू की ‘व्हाउच’?

ए-५०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. आपल्या वॉचमनदादांच्या मुलीला नर्सिंगच्या स्कॉलरशिपसाठी सोसायटीचं पत्र हवंय, इंग्रजीत. उद्या दुपारपर्यंत द्यायचंय. मी लिहिलंय, ‘वी स्टँड बाय हर अँड वी आर सपोर्टिंग हर.’ चुकलं असेल तर सांगा.

बी-३०४: सर, दोन्ही बदलू या. ‘स्टँड बाय’ म्हणतात ते माणूस अडचणीत असताना. बालंट आलंय, लोकांनी पाठ फिरवलीय आणि आपण पाठीशी उभे आहोत, असं. वाचणारा म्हणेल, हिने केलंय तरी काय?
दुसरं वाक्य तर जास्त धोक्याचं. ‘शी सपोर्ट्स हर पेरेंट्स’ म्हणजे ती आईवडिलांना सांभाळते, घर तिच्या पैशावर चालतं. तसंच आपलं वाक्य ‘हिचा खर्च आम्ही करतोय’ असं वाचलं जाईल. स्कॉलरशिपवाले गरजू मुलगी शोधतायत. फॉर्म बाजूला पडायचा.

ए-५०२ (सेक्रेटरी): अरे देवा. आपण बोलताना ‘जरा सपोर्ट करा’ म्हणतो, त्याच अर्थाने लिहून गेलो.

बी-३०४: सपोर्ट शब्द ठेवू, फक्त कशाला ते लिहू. ‘वी सपोर्ट हर ॲप्लिकेशन.’ अर्जाला पाठिंबा. मग घोळ नाही.

ए-१०१: स्टँड बायचं ताई बरोबर सांगतायत. जहाजावर होतो तेव्हा बंदर जवळ आलं की ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, इंजिन रूमला ‘स्टँड बाय’ यायचं. म्हणजे तयार राहा, कुठल्याही क्षणी ऑर्डर येईल. आणि ‘दे स्टुड बाय अँड वॉच्ड’ म्हणजे नुसते बघत उभे राहिले, कुणी हात लावला नाही. असा शब्द पत्रात नकोच.

सी-४०१: साधं ‘प्लीज हेल्प हर’ का नको?

बी-३०४: वहिनी, पदर पसरल्यासारखं वाटतं हो. पोरीने बारावीला मार्क मिळवलेत.

सी-२०३: ‘वी बॅक हर’? छोटं आणि दमदार.

सी-४०१: नको. ‘त्याला बॅकिंग आहे’ म्हटलं की मला वशिलाच आठवतो.

बी-३०४: इंग्रजीत त्याला तसा वास नाही. पण बॅक करणारा आपलं वजन किंवा पैसा मागे लावतो, उमेदवाराच्या, एखाद्या धंद्याच्या. आपण पाठबळ म्हणतो ते. ‘बॅक अप’ आणखी वेगळं. कुणी काही सांगितलं की ‘हो, खरंय, मीही पाहिलं’ म्हणून दुजोरा द्यायचा.

सी-२०३: आणि ‘सेकंड’? एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेत म्हणतो तसं?

बी-३०४: ते ठरावाला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. इथे नाही बसत.
मला ‘व्हाउच फॉर’ हवंय. ही मुलगी कशी आहे ते आम्ही स्वतः जाणतो, आमचा शब्द घ्या.

डी-१०२: व्हाउच म्हणजे जामीन राहणं नाही ना? बँकेत ३१ वर्षं काढली. मित्राच्या कर्जावर सही केली आणि स्वतः हप्ते फेडत बसले, अशी माणसं पाहिलीत.

बी-३०४: नाही काका. गॅरंटर पैशाला बांधलेला असतो. व्हाउच करणारा फक्त स्वतःच्या शब्दाला. पण म्हणूनच ते वरवर लिहू नये. ज्याने तिला जवळून पाहिलंय त्याचं काहीतरी पत्रात यायला हवं.

ए-२०१ (आजी): मग माझं घाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ह्यांचं बीपी रोज तीच बघायची. तेव्हा नववीत होती. मास्क लावून दाराशी स्टुलावर बसायची. वही अजून आहे माझ्याकडे. तारीख, वेळ, वरचं, खालचं, आणि डावा हात की उजवा तेही लिहिलेलं. एकदा वरचं १७८ आलं. मी गडबडले, ती नाही. ह्यांना न बोलता दहा मिनिटं बसवलं, पुन्हा घेतलं, दोन्ही आकडे लिहिले आणि मग मला म्हणाली, आजी, आता डॉक्टरांना फोन लावा.

बी-३०४: आजी, हेच हवं होतं. नर्सिंगसाठी याहून चांगलं काय सांगणार?
सर, असं करा. ‘वी सपोर्ट हर ॲप्लिकेशन. वी हॅव नोन हर सिन्स शी वॉज सिक्स, अँड वी कॅन व्हाउच फॉर हर ऑनेस्टी अँड केअर.’ खाली आजींचा प्रसंग चार ओळींत. तो मी रात्री लिहून पाठवते.

डी-१०२: असं असेल तर माझी हरकत नाही. मीही सही करीन.

ए-२०१ (आजी): वहीचं पान जोडायचं का? मूळ वही मात्र नाही द्यायची मी. ह्यांच्या शेवटच्या वर्षाची आहे.

ए-५०२ (सेक्रेटरी): नाही आजी, वही तुमच्याकडेच राहू द्या. १७८ च्या दिवसाचं पान तेवढं काढून ठेवा, मी वर येऊन फोटो काढतो. लेटरहेडवर प्रिंट सकाळी. सही-शिक्क्याला सगळे ११ वाजता ऑफिसात या.