मदत हवी आहे: दुपारच्या उन्हाने हेजिंगचं गणित बिघडलंय

नमस्कार मंडळी,

मेलबर्नमध्ये एका छोट्या वीज रिटेलरकडे खरेदीचं काम बघतो. ग्राहकांना विजेचा भाव वर्षभर ठरलेला, आम्ही मात्र घाऊक बाजारातल्या, दर ५ मिनिटांनी हलणाऱ्या स्पॉट भावाने घेतो. या चढउतारापासून बचाव म्हणजे हेजिंग; त्यासाठी आजवर सरासरी मागणीइतका फ्लॅट स्वॅप (दिवसभर तेवढ्याच मेगावॅटवर ठरलेला भाव आणि स्पॉट यांतला फरक देणं-घेणं) आणि वर थोडे ३०० डॉलरचे कॅप (स्पॉट मेगावॅट-तासाला ३०० च्या वर गेला की वरचा फरक समोरचा देतो, त्याबदल्यात आपण प्रीमियम भरायचा), यावर भागत होतं.

आता घोळ दुपारचा. छपराछपरावर सोलर आल्याने ११ ते ३ मागणी पार झोपते आणि भाव शून्याखाली जातो. समजा स्वॅप १० मेगावॅटचा, मागणी ४. स्वॅप मेगावॅट-तासाला ८० डॉलरचा, स्पॉट उणे ३०, म्हणजे उरलेल्या ६ मेगावॅटवर तासाला ६६० डॉलर आपल्याच खिशातून! संध्याकाळी सहानंतर उलट, मागणी १४ वर आणि स्वॅप तोच १०.

स्वॅप कमी करून कॅप वाढवावेत, तर प्रीमियम बोकांडी बसतो. शिवाय ३०० च्या खालचा भाव उघडाच. जून २०२२ मध्ये इथला घाऊक वीजबाजार स्थगित झाला होता, तेव्हाची धाकधूक अजून आठवते.

बॅटरीवाल्यांशी फक्त संध्याकाळपुरता करार कुणी केलाय का? स्वॅप-कॅपचं प्रमाण कशावरून ठरवता? सोमवारी साहेबांना आकडा द्यायचाय.