वाळवीवर जमिनीतले जिवाणू: द्राक्षबागेत क्लोरपायरीफॉसला पर्याय होईल का?

धागाकर्ता (निफाड): जुन्या बागांत खोडाच्या सालीवर वाळवीचे मातीचे पापुद्रे दिसले, की आपल्याकडे क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी (पाण्यात मिसळून बुंध्याशी ओतणे) ठरलेली असते. युरोपीय संघाने २०२० मध्ये या औषधाची मान्यता संपवून मालातल्या अवशेषाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. निर्यातीचा माल करणाऱ्याने ते बागेत आणूच नये, असे माझे मत आहे. मुळांभोवतीचे काही जिवाणू हायड्रोजन सायनाइड तयार करतात आणि त्याने वाळवीचे पेशीश्वसन बंद पडते. आपल्या शेतांत सर्रास आढळणारी ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वाळवी अशा जिवाणूंनी मरते, हे २००७ च्या एका संशोधनात दिसले आहे. मग ते आपण का वापरू नयेत?

कृषी पदवीधर (नाशिक रोड): दिसले ते प्रयोगशाळेत. मोकळ्या जमिनीत सायनाइड विरून जाते. शिवाय कामकरी वाळव्या एकमेकींचे अंग चाटून स्वच्छ ठेवतात, मेलेल्यांना दूर करतात किंवा मातीने बुजवतात, आणि वरच्या कितीही मेल्या तरी खोलवरची राणी अंडी घालतच राहते. त्या प्रयोगातला एक जिवाणू रायझोबियम रेडिओबॅक्टर होता, ज्याच्या काही वाणांमुळे झाडांवर गाठी येतात. तो द्राक्षाच्या मुळाशी सोडण्याचा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही.

धागाकर्ता: गाठींचा मुद्दा मान्य, निरुपद्रवी वाण निवडावा लागेल. पण मुळाशी सोडा, असे संशोधकांनीही म्हटलेले नाही. इतर जिवांना झळ पोहोचू नये म्हणून जिवाणू थेट वारुळात सोडावेत, अशी त्यांची कल्पना होती, आणि राणीही तिथेच असते.

कृषी पदवीधर: मशागतीच्या रानात वारूळ शिल्लक राहते कुठे? बांधावरचे एखादे सापडेल; ओळींखालचे घरटे तुम्ही कसे शोधणार?

बागायतदार (दिंडोरी): दोघांचाही रोख औषधावरच आहे, याचे नवल वाटते. वाळवीचा मुख्य आहार मेलेले लाकूड आणि वाळलेली साल. मिलीबगच्या (पिठ्या ढेकणाच्या) बंदोबस्तासाठी सुटी साल आपण काढतोच. तेच काम नीट करावे, छाटणीच्या काड्या बुंध्याशी ठेवू नयेत आणि कच्चे शेणखत टाकू नये. जिवंत खोड पोखरले जात असेल, तरच पुढचा विचार करावा. जिवाणू वापरायचेच असतील, तर आधी बांधावरच्या वारुळात सोडून पाहावेत आणि शेजारचे एक वारूळ तसेच ठेवावे. एरवी पावसाने वाळवी हटली तरी श्रेय जिवाणूंना मिळेल.