मदत हवी आहे: चेरोकी सरकारचं ऑफिस बघायचंय (अर्जंट)

डॅलसकर: सोमवारच्या सुट्टीला लेकीला घेऊन चेरोकींच्या (अमेरिकेतली मूळनिवासी जमात, त्यांचं स्वतःचं सरकार असतं) सरकारी ऑफिसात जायचंय. शाळेचा प्रोजेक्ट आहे. आत सोडतात का? अपॉइंटमेंट लागते का? पटकन सांगा, हॉटेल बुक करतोय.

अनु_अटलांटा: नॉर्थ कॅरोलायनातलं चेरोकी गाव ना? स्मोकी माउंटन्सला लागूनच आहे, मस्त जागा! जॉर्जियातलं न्यू एकोटाही चुकवू नका. १८२५ पासून काही वर्षं ती त्यांची राजधानी होती. १८२८ साली त्यांचं वर्तमानपत्र तिथेच निघालं.

खवचट_काका: डॅलसहून गाडीने? पोरगी पुढच्या यत्तेत जाईल.

मधुरा: अमेरिकन सरकारची मान्यता असलेली चेरोकी सरकारं तीन आहेत. त्यातली दोन ओक्लाहोमात, टाहलेक्वा गावातच. तुम्हाला कुठलं हवंय?

डॅलसकर: ओक्लाहोमातलं मोठं. डॅलसहून दुसरं कुठलं असणार?

खवचट_काका: डॅलस फक्त तुमच्या आयडीत आहे हो, प्रश्नात नाही.

एच१वाला: तिथे पासपोर्ट दाखवावा लागतो का? माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी आहे.

मधुरा: म्हणजे टाहलेक्वाच्या दक्षिणेचं कीलर कॉम्प्लेक्स, त्यांचं मुख्यालय. पण सोमवार म्हणजे सप्टेंबरातला लेबर डे का?

डॅलसकर: हो, मग?

मधुरा: अहो, मग ऑफिसं बंद! त्याच वीकेंडला चेरोकी नॅशनल हॉलिडे असतो, ६ सप्टेंबर १८३९ च्या राज्यघटनेच्या आठवणीचा. गावात खोली मिळणं कठीण. शनिवारीच पोचा. मुख्य प्रमुखांचं (प्रिन्सिपल चीफ) भाषण ऐका. जुन्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे सरकारच्या जुन्या इमारतीत, आता संग्रहालय आहे, जवळच १८४४ चं सुप्रीम कोर्ट. आणि लेकीला रस्त्यांच्या पाट्या वाचायला लावा. इंग्रजीसोबत सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने बनवलेली लिपी असते, ८५ अक्षरं. आपल्यासारखी काना-मात्रा नाही, 'क', 'के', 'की' प्रत्येकाला वेगळंच चिन्ह. इंग्रजी डीसारखं दिसतं ते 'अ', डब्ल्यूसारखं ते 'ला'. माझा मुलगा तासभर गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

अनु_अटलांटा: तरी मी म्हणेन स्मोकीजच. डोंगर तरी बघाल.

खवचट_काका: प्रोजेक्ट डोंगरांवर नाहीये.

सुगरण_तुलसा: शाकाहारी असाल तर दशम्या आणि दाण्याची चटणी सोबत ठेवा.

डॅलसकर: टाहलेक्वात खोली नाहीच. जवळच्या मस्कोगीला मिळाली. लेक आत्तापासून डीला 'अ' म्हणतेय, स्पेलिंगची वाट लागणार. आता पुन्हा कधी साध्या सोमवारी गेलो, तर अपॉइंटमेंट लागते का?

एच१वाला: आणि पासपोर्ट?