मदत हवी आहे : आईसाठी निवासी केंद्र निवडताना काय पाहावं?

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. संध्याकाळ झाली की तिची घालमेल वाढते, "मला घरी जायचंय" म्हणत ती दाराशी जाते. घरात निभावणं आता खरंच अवघड झालंय, म्हणून निवासी केंद्रं पाहतोय. खोल्या, बाग सगळेच हौसेने दाखवतात. मला कळायला हवंय ते वेगळंच. रात्रपाळीला किती माणसं असतात? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोनेक तासांनी बदलून देतात का? (नाहीतर पाठीला जखमा होतात.) अस्वस्थ माणसाला गुंगीच्या गोळ्या देऊन गप्प तर करत नाहीत ना? हे बाहेरून ओळखायचं कसं? आणि ज्यांनी आपलं माणूस अशा ठिकाणी ठेवलंय, त्यांनी कृपया सांगा: सुरुवातीला रोज भेटायला जावं, की तिला आधी रुळू द्यावं?