मदत हवी आहे : इम्पोस्टरची भूमिका आली की रूम सोडून जाणाऱ्या नव्या खेळाडूला टिकवावे कसे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात, शहापूर भागात राहतो. शहापूर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी असे विखुरलेले आम्ही चुलत-मावस भावंडे व आमचे काही मित्र शनिवारी रात्री एकत्र 'अमंग अस' हा ऑनलाइन गेम खेळतो. त्यात बहुतेक खेळाडू क्रूमेट म्हणून यानातली कामे करतात, त्यांच्यात लपलेले एक-दोघे इम्पोस्टर कामाचे सोंग करत त्यांना मारत जातात, आणि बैठकीत चर्चा व मतदान करून संशयिताला बाहेर काढले जाते. गेममध्ये लिहून बोलण्याची सोय आहे, तरी बैठक सुरू झाली की आम्ही ग्रुप कॉलवर बोलतो, कारण खरी मजा त्या वादावादीतच असते.

अडचण माझ्या मामेबहिणीची आहे. ती जांबोटीकडची, सध्या बारावीत आहे. क्रूमेट असली की ती फार चांगली खेळते. कोण कोणत्या खोलीतून निघाले, कोणाच्या मागे कोण होते, हे तिच्या नेमके लक्षात राहते. इम्पोस्टर झाली मात्र की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच पकडली जाते, आणि अलीकडे तर पडद्यावर लाल अक्षरांत भूमिका उमटताच रूम सोडून जाते. एकच इम्पोस्टर असलेला डाव अशाने तिथेच संपतो, क्रूमेट न खेळताच जिंकतात आणि बाकीचे तिच्यावर चिडतात.

मी लक्ष देऊन पाहिले तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली कामाच्या सोंगाची. इलेक्ट्रिकल या खोलीत वायरी जोडण्याच्या जागी ती क्षणभर उभी राहते आणि लगेच निघते. झालेली कामे दाखवणारी वरची हिरवी पट्टी जराही सरकलेली नसते, आणि शेजारी उभ्या असलेल्याला तेवढे पुरते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आमचे बोलणे मराठीत सुरू होते, पण चिकोडी-गोकाककडच्या काही मित्रांच्या घरी कन्नड बोलली जात असल्याने वाद तापला की बोलणे कन्नडकडे वळते. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड तिला समजते, परंतु अंगावर आलेल्या आरोपाला तिथल्या तिथे उत्तर देण्याइतकी ती जिभेवर बसलेली नाही. अशा वेळी ती क्रूमेट असतानाही गप्पच असते, फक्त तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. इम्पोस्टर असताना मात्र तिचे तेच गप्प राहणे पुरावा म्हणून मांडले जाते.

तिला डावातून वगळावे असे मला मुळीच वाटत नाही. ही भूमिका तिने निभावून न्यावी, त्यातून चारचौघांत आपली बाजू मांडण्याचा तिचा धीर वाढावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. यासाठी रूमच्या सेटिंगमध्ये काही करता येईल का, आणि डाव संपल्यावर तिच्याशी काय व कसे बोलावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद (सूत्रधार_निपाणी)

दादा, सर्वप्रथम तिला एवढे सांगा की ही भूमिका मुळातच अवघड आहे. लपलेल्या भूमिकांच्या अशा सगळ्या खेळांचा पूर्वज 'माफिया' हा खेळ. तो दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकत असताना तयार केला, आणि त्याची मांडणीच अशी आहे की मोजक्या लोकांना सर्व ठाऊक असते आणि उरलेल्या बहुसंख्यांना काहीच ठाऊक नसते. त्या मोजक्यांत पहिल्यांदा बसणारा माणूस गडबडणारच.

सेटिंगबद्दल बोलायचे तर चर्चेचा वेळ आधी वाढवा. तो मुळात १५ सेकंदांचा असतो आणि तेवढ्या अवधीत कोणालाही मत देता येत नाही. तो ६० सेकंद केलात तर घाईने बटण दाबणारेही ऐकून घेतात. कामांची पट्टी फक्त बैठकीच्या वेळी पुढे सरकेल अशी सोय आहे, ती काही आठवडे वापरा. मेडबे या दवाखान्याच्या खोलीतील स्कॅनसारखी इतरांना दिसणारी कामेही तोवर बंद ठेवा, कारण त्यांचे सोंग कोणालाच करता येत नाही. सात किंवा अधिक जण असतील त्या दिवशी दोन इम्पोस्टर ठेवा, म्हणजे जोडीला बहुधा एखादा मुरलेला खेळाडू मिळेल.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक आहे का, पाहा. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसून राहतो. येथे मात्र मतदानाने बाहेर काढलेला इम्पोस्टर भूत होऊनही दिवे घालवू शकतो, दारे लावू शकतो, रिॲक्टर बिघडवू शकतो. म्हणजे दोघे असताना एक पकडला गेला, तरी त्याचे काम संपत नाही. माझ्या मते रूम न सोडण्यासाठी याहून चांगले कारण तिला सापडणार नाही.

प्रतिसाद (मलप्रभाकाठ)

तिची स्मरणशक्ती चांगली आहे असे आपण लिहिले आहे. मग इम्पोस्टर असताना तिने तीच वापरावी. आपण कुठून कुठे गेलो याचा सगळा मार्ग खरा सांगावा, वाटेत कोण दिसले हेही खरे सांगावे, आणि फक्त एकाच जागेबद्दल खोटे बोलावे. सगळीच गोष्ट रचली की पुढच्या बैठकीत ती तशीच्या तशी आठवत नाही, आणि माणूस सापडतो तो तिथे.

भाषेसाठी आमच्याकडे खानापुरात एक रीत आहे. बैठकीत प्रत्येकाला एकेक पाळी मिळते, तो आपल्या भाषेत बोलतो, मध्ये कोणी तोडत नाही, आणि दोन्ही भाषा येणारा कोणीतरी त्याचे म्हणणे थोडक्यात दुसऱ्या भाषेत सांगतो. वाद त्यानंतर. डाव संपल्यावर मात्र "तू कशी सापडलीस" हे सर्वांदेखत सांगत बसू नका. तिला एकटीला विचारा की तिचा संशय सर्वांत आधी कोणाला आला असे तिला वाटते. ती स्वतः शोधून काढेल ते तिच्या जास्त लक्षात राहील.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाळीची रीत मी सर्वांनाच लागू करणार आहे. केवळ तिच्यासाठी ठेवली, तर तिला ते उपकारासारखे वाटेल आणि कन्नडभाषक मित्रांनाही उगीच अवघडल्यासारखे होईल. भूत झाल्यावर बिघाड करता येतो हे तिला खरोखरच माहीत नव्हते. आज फोनवर सांगितले, तेव्हा तिने लगेच विचारले की दारे कोणती कोणती लावता येतात.

एक शंका उरते. पावसाळ्यात जांबोटीकडे नेटवर्क वारंवार जाते, आणि ती खरोखर तुटली असली तरी "पुन्हा सोडून गेली" असेच सगळे धरून चालतात. डाव चालू असताना, ती कोणत्या भूमिकेत आहे हे उघड न होता, नेटवर्क गेल्याचे कळवण्याची एखादी पद्धत आपल्यापैकी कोणाच्या गटात आहे का?