पाढ्यांची घोकंपट्टी वाढवून काय होणार?

डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकताना येणारी विशिष्ट अडचण) असलेल्या मुलांकडून रोज पाढे घोकून घेतले की गणित आपोआप सुधारेल, हे मत मला पटत नाही. पाढे आपण बहुतेक उच्चारांच्या साखळीतूनच लक्षात ठेवतो आणि डिस्लेक्सियात बऱ्याचदा नेमकी तीच साखळी तुटते. गुणाकार म्हणजे काय हे नीट कळलेलं मूलही 7 × 8 ला अडतं. घोकंपट्टीने धास्ती तेवढी वाढते. त्यापेक्षा येतं त्यावरून काढू द्या: पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, मिळून 56. वेळ लागेल, लागू दे.

आता शाब्दिक उदाहरणांबद्दल. मी शिकवताना आधी उदाहरण मोठ्याने वाचून दाखवते. ऐकून मूल बरोबर सोडवत असेल तर अडथळा मुख्यतः वाचनाचा आहे, आणि परीक्षेत वाचून दाखवणारी व्यक्ती मिळावी म्हणून पालकांनी जरूर आग्रह धरावा. ऐकूनही, वस्तू मांडूनही लहान-मोठी संख्या उमगत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची (संख्या आणि गणित समजण्यातल्या विशिष्ट अडचणीची) वेगळी तपासणी करून घ्या. दोन्ही एकाच मुलात असू शकतात. आणि हो, चौकटीची वही द्या. एका चौकटीत एक अंक लिहिला की एकक-दशक सरकत नाहीत.